नकाशा तिकडचा, हात इकडचे



आजचा विषय ऐकायला जड आहे. बहुराष्ट्रीय कंपन्या देशांच्या सीमा ओलांडून नवं काही घडवतात म्हणजे नेमकं काय करतात? या विषयावर व्यवस्थापनाची जाडजूड पुस्तकं आहेत. मी फौजी माणूस. मला पुस्तकापेक्षा जमीन लवकर समजते. म्हणून आज मी तुम्हाला चेन्नईतल्या एका वस्तीत फिरवणार आहे. तिचं नाव जॉर्ज टाउन.

निमित्त घरचंच. माझी भाची पुण्यात शिकली आणि आता चेन्नईत एका परदेशी कंपनीच्या तंत्रज्ञान केंद्रात नोकरी करते. मागच्या थंडीत मी तिच्याकडे आठवडाभर राहिलो. पहिल्याच रात्री जेवताना ती म्हणाली, "मामा, आम्ही सहा वर्षं खपून एक यंत्रणा उभी केली. आता निम्मं काम दुसऱ्या देशातल्या केंद्राकडे चाललंय. आम्हाला सांगितलंय, सगळं लिहून काढा आणि त्यांच्या हवाली करा. मग आम्ही जे केलं ते कोणाचं?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. रविवारी मी तिला म्हटलं, चल, जॉर्ज टाउनला जाऊ. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे मिळेल.

कापडाची कंपनी

सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उत्तरेला हायकोर्ट, आणि त्याच्या समोरच्या रस्त्यापलीकडे पॅरीज कॉर्नर. तिथून आत शिरलं की जॉर्ज टाउन सुरू. गल्ल्या अरुंद, हातगाड्या, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल, आणि प्रत्येक गल्लीचा धंदा ठरलेला. अँडरसन स्ट्रीटवर कागद, नैनियप्पा नायकन स्ट्रीटवर जडीबुटी आणि रसायनं, गोडाउन स्ट्रीटवर कापडाचा घाऊक बाजार.

या वस्तीला पूर्वी ब्लॅक टाउन म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंचम जॉर्जच्या नावावरून नाव बदललं. मूळचं ब्लॅक टाउन मात्र किल्ल्याला अगदी खेटून होतं. 1758-59 मध्ये फ्रेंचांनी किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा त्या घरांचा त्यांना आडोसा मिळाला. वेढा उठल्यावर इंग्रजांनी ती वस्तीच पाडली आणि तोफांना मारा करायला मोकळं मैदान ठेवलं. आज हायकोर्ट उभं आहे ते त्याच जागेवर.

पण इंग्रज इथे आले ते लढायला नव्हे, कापडासाठी. ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डेने 1639 मध्ये ही किनारपट्टी निवडली, त्याचं एक मोठं कारण म्हणजे इथे सुती कापड स्वस्त मिळत होतं. बंदर म्हणाल तर काहीच नव्हतं. जहाजं लाटांपलीकडे नांगर टाकत आणि माल होड्यांतून ने-आण करत.

आता या कंपनीचं काम कसं चालायचं ते बघा. लंडनचे संचालक हिंदुस्थानातल्या वखारींना नुसती मागणी कळवत नसत, नमुनेही धाडत. विलायतेतल्या गिऱ्हाइकाला गडद लाल जमीन आवडत नाही, पांढऱ्या जमिनीवर फुलं-वेली काढा, अशा सूचना सतराव्या शतकातच येऊ लागल्या होत्या. म्हणजे गरज कोणाची हे लंडन ठरवणार, नक्षी बरीचशी लंडन सुचवणार, आणि माल कोरोमंडल किनाऱ्यावरचा कारागीर बनवणार. आज आपण ज्याला परदेशी मुख्यालय आणि भारतीय केंद्र म्हणतो, त्याचाच हा जुना अवतार.

पण लंडनला एक गोष्ट येत नव्हती. सुती कापडावर पक्का रंग चढवणं. इथला कारागीर कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवायचा, मग तुरटीच्या पाण्याने कलमाने नक्षी काढायचा, आणि मग चायवेर नावाच्या झुडपाच्या मुळ्यांच्या रंगात उकळायचा. जिथे तुरटी लागली असेल तिथेच लाल रंग धरायचा, आणि कितीही धुतलं तरी जायचा नाही. पाणी कुठलं, ऊन किती, मुळी किती जुनी, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ते हातात होतं, बापाकडून पोराकडे गेलेलं.

मग काय झालं? इंग्लंडमध्ये या कापडाने असं वेड लावलं की तिथले लोकरीचे आणि रेशमाचे विणकर चवताळले. 1700 आणि 1721 साली तिथे कायदे झाले. आधी रंगीत सुती कापडाच्या आयातीवर बंदी आली, मग ते वापरण्यावर. कोरं कापड मात्र आणता येत होतं, आणि ते छापायला लंडनभोवती कारखाने उभे राहिले. इकडे युरोपीय लोक आपली विद्या टिपून घेत होते. कर्दू नावाच्या फ्रेंच पाद्र्याने 1742 मध्ये याच किनाऱ्यावरच्या कारागिरांकडून रंगाची सगळी कृती विचारून घेतली आणि ती पत्रातून फ्रान्सला कळवली. पुढे कताईची यंत्रं आली. शंभर वर्षांत चाक उलटं फिरलं आणि विलायती कापड हिंदुस्थानच्या बाजारात येऊ लागलं.

हे मी भाचीला गोडाउन स्ट्रीटच्या तोंडाशी उभं राहून सांगत होतो. ती म्हणाली, "म्हणजे त्यांनीही लिहून हवाली केलं." मी म्हटलं, त्यांना तर तेवढंही विचारलं नव्हतं. कोणी तरी शेजारी बसून बघितलं आणि लिहून घेतलं.

महाराजांनी काय मागितलं

तिथून आम्ही तंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या कालिकांबाळ मंदिरात गेलो. मराठी माणसाने इथे जरूर जावं. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, 3 ऑक्टोबर 1677 रोजी, शिवाजी महाराजांनी इथे येऊन दर्शन घेतलं, असं मंदिरात सांगितलं जातं.

महाराज या भागात असताना त्यांचा आणि किल्ल्यातल्या इंग्रजांचा पत्रव्यवहार झाला, त्याची नोंद मात्र कंपनीच्या दप्तरात आहे. आधी महाराजांनी औषधं आणि विषावरचे उतारे मागवले. कंपनीने ते आनंदाने पाठवले, किंमतही घेतली नाही. मग महाराजांनी दुसरी गोष्ट मागितली. तोफांचे गाडे बनवणारे, सुरुंग लावणारे जाणकार इंजिनियर द्या. यावर कंपनीचं उत्तर आलं की आम्ही व्यापारी, तशी माणसं आमच्याकडे नाहीत आणि हे आम्हाला करता येत नाही.

या दोन पत्रांत मला सगळा धडा दिसतो. वस्तू द्यायला कंपनी तयार होती. वस्तू बनवण्याची विद्या असलेला माणूस द्यायला तयार नव्हती. आणि महाराजांनी मागितलं काय, तर तयार तोफ नव्हे, जाणकार माणूस. पुढे काय मागायचं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

रेडिचची गाडी

आता जॉर्ज टाउनमधून समुद्राच्या कडेने उत्तरेला निघू. आठ-दहा किलोमीटरवर तिरुवोट्टियूर लागतं. इथे गोष्ट उलटी घडली, आणि ती माझ्या जिव्हाळ्याची आहे.

माझ्या पिढीच्या प्रत्येक फौजीला बुलेट ठाऊक आहे. युनिटमधला डाक घेऊन जाणारा जवान, ज्याला आम्ही डीआर म्हणत असू, बुलेटवरच असायचा. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. दुसऱ्या गाड्यांवर हात बसलेला माणूस पहिल्या दिवशी ब्रेकच्या जागी गिअर दाबायचा आणि सगळी प्लाटून हसायची. मीही तसाच शिकलो.

ती गाडी मुळात इंग्लंडची. रेडिच गावातल्या रॉयल एनफिल्ड कंपनीची. स्वातंत्र्यानंतर आपल्या फौजेला सीमेवर गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला बुलेट 350 ची निवड झाली आणि सुमारे 800 गाड्यांची मागणी गेली. 1955 मध्ये रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एनफिल्ड इंडिया काढली. 1956 मध्ये तिरुवोट्टियूरचा कारखाना सुरू झाला. पहिल्या वर्षी इंग्लंडहून पेट्यांतून सुटे भाग यायचे आणि इथे जोडले जायचे. त्या वर्षी गाड्या तयार झाल्या 163.

तेव्हा कोणी म्हणालं असतं की हे काय, नुसतं जोडकाम! पण जोडता जोडता एकेक भाग इथे बनू लागला. साठच्या दशकात जवळजवळ सगळी गाडी मद्रासमध्ये घडायला लागली. तिकडे रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद झाला. 1970 मध्ये ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन इथलं उरलंसुरलं उत्पादनही थांबलं आणि मूळ कंपनी संपली.

तिरुवोट्टियूर मात्र चालू राहिलं. का? कारण विद्या कागदावर अडकली नव्हती. इथल्या फिटरच्या, ओतारी कामगाराच्या, इंजिनियरच्या हातात उतरली होती. 1977 मध्ये मद्रासहून बुलेट ब्रिटन आणि युरोपला जायला लागली. जिथून नकाशा आला होता तिथेच गाडी परत निघाली.

कापडाच्या गोष्टीत विद्या इथून तिकडे गेली. बुलेटच्या गोष्टीत ती तिकडून इथे आली. नियम दोन्हीकडे एकच होता. रोज ज्याच्या हातून काम होतं, विद्या त्याच्याकडे साचते. मात्र त्याला ती राखता आली पाहिजे आणि वाढवता आली पाहिजे.

चार तऱ्हा

आता थोडं पुस्तकाचं. क्रिस्टोफर बार्टलेट आणि आपले कोलकात्याचे सुमंत्र घोषाल या दोन प्राध्यापकांनी बहुराष्ट्रीय कंपन्यांचा अभ्यास करून 1989 मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यात नवं घडवण्याच्या चार तऱ्हा सांगितल्या आहेत. मी त्या चेन्नईच्या उदाहरणांनी सांगतो.

पहिली तऱ्हा: केंद्रात घडवा, जगभर वापरा. मुख्यालयात नकाशा तयार, बाकीच्यांनी बरहुकूम करायचं. 1956 ची पेटीतून आलेली बुलेट ही. फायदा असा की खर्च एकदाच होतो आणि दर्जा सगळीकडे सारखा राहतो. तोटा असा की जमीन न पाहिलेला माणूस हुकूम देतो. हे फौजेत किती महागात पडतं ते मी सांगायला नको.

दुसरी तऱ्हा: इथलं इथे. जिथली अडचण तिथेच उत्तर. आपल्याकडे पेट्रोल महाग, म्हणून मेकॅनिक स्वतःच्या हिकमतीने बुलेटला छोटं डिझेल इंजिन बसवत. 1993 च्या सुमारास एनफिल्ड इंडियाने स्वतःच डिझेल मोटारसायकल कारखान्यात बनवून विकली. हळू चालायची, धूर आणि हादरे भरपूर, पण थेंबभर तेलात लांब जायची. ती जगभर गेली नाही. या तऱ्हेची मर्यादा हीच, उत्तर गावापुरतं राहतं.

तिसरी तऱ्हा: इथलं जगाला. एका देशात सापडलेलं उत्तर कंपनी उचलते आणि दुसरीकडे नेते. रेनॉची क्विड गाडी घ्या. 2015 मध्ये ती चेन्नईत जगासमोर आणली गेली. जेरार देतुर्बे नावाचा फ्रेंच इंजिनियर पॅरिसमध्ये न बसता इथे येऊन राहिला आणि त्याने भारतीय इंजिनियर आणि पुरवठादारांबरोबर ती गाडी घडवली. प्रत्येक रुपयाचा हिशेब. चाकाला चारऐवजी तीन नट, पुढच्या काचेला एकच वायपर. पुढे ही गाडी ब्राझीलमध्ये बनू लागली. तिच्यावरून चीनमध्ये विजेवर चालणारी गाडी तयार झाली, आणि तीच सुधारून 2021 पासून डाचिया स्प्रिंग या नावाने युरोपात विकली जाऊ लागली. चेन्नईच्या काटकसरीचं फळ युरोपच्या रस्त्यावर.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. 2016 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत भारतातल्या क्विडला शून्य तारे मिळाले. पुढच्या वर्षी ब्राझीलमधल्या, चार एअरबॅग असलेल्या क्विडला तिथल्या चाचणीत तीन तारे मिळाले. दोन्ही चाचण्यांचे नियम अगदी एकसारखे नाहीत, तरी एवढं कळतं की काय काढायचं आणि काय ठेवायचं हे देशागणिक बदललं. काटकसर आणि कंजुषी यांच्यात फरक असतो. तो कोणी ठरवायचा? कंपनी एकटी ठरवत नाही. तिथला कायदा आणि तिथलं गिऱ्हाईक मिळून ठरवतात. आपण मागितलं नाही तर मिळणार नाही.

चौथी तऱ्हा: सगळे मिळून. दोन-तीन देशांतली केंद्रं, प्रत्येकाची खासियत वेगळी, आणि काम एकाच वेळी वाटून. रॉयल एनफिल्डच्या 650 सीसी जोड-सिलिंडरच्या गाड्या, इंटरसेप्टर आणि काँटिनेंटल जीटी, अशा घडल्या. एनफिल्ड आता आयशर या भारतीय कंपनीच्या मालकीची. तिने 2015 मध्ये हॅरिस परफॉर्मन्स ही सांगाडे बनवण्यात मुरलेली ब्रिटिश कंपनी विकत घेतली. मग इंग्लंडमधल्या लेस्टरशरमध्ये, ब्रंटिंगथॉर्पला, स्वतःचं तंत्रज्ञान केंद्र उघडलं. तिकडची आणि चेन्नईची टीम एकत्र बसली. 2017 च्या नोव्हेंबरात मिलानच्या प्रदर्शनात गाडी दाखवली, 2018 मध्ये बाजारात आली. इंटरसेप्टर हे नाव रेडिचच्या साठच्या दशकातल्या गाडीचं. ती बनते मात्र चेन्नईत. एकेकाळी मुख्यालय इंग्लंडमध्ये होतं आणि शाखा मद्रासला. आता मुख्यालय इकडे आणि शाखा तिकडे.

पुण्याच्या लोकांना हे नवं वाटणार नाही. बजाजने एकेकाळी इटलीच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली. त्याच बजाजने 2007 मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भाग घेतला आणि पुढे चाकणहून केटीएमच्या छोट्या ड्यूक गाड्या जगभर जाऊ लागल्या.

या चारही तऱ्हा एकाच कंपनीत एकाच वेळी चालू शकतात. कुठली चांगली, कुठली वाईट असं सरसकट सांगता येत नाही. फौजेत चांगला कमांडर काय साधायचं ते सांगतो, कसं साधायचं ते जागेवरच्या अधिकाऱ्यावर सोडतो. कारण दुश्मन, पाऊस, चिखल हे जागेवरच्या माणसाला दिसतात. कंपनीचंही तेच. हेतू वरून यावा, वाट खालून सापडावी, आणि खाली सापडलेली वाट वरच्याने ऐकून घ्यावी. तिसऱ्या आणि चौथ्या तऱ्हेत हे ऐकणं असतं. पहिलीत नसतं.

भाचीचा प्रश्न

हे सगळं बोलत आम्ही मिंट स्ट्रीटवर आलो. तिथे मुरुक्कूचं सँडविच मिळतं, तमिळ चकलीच्या मध्ये काकडी-टोमॅटो आणि उत्तरेकडची चटणी. साहुकारपेठेत राजस्थान-गुजरातहून आलेल्या मंडळींनी इथली चकली उचलली आणि स्वतःचं काही केलं. सीमा ओलांडून नवं घडवणं याचा स्वस्तातला नमुना हा, भाची म्हणाली.

मग तिने पुन्हा विचारलं, "पण मामा, माझं काय?"

तिच्यासारखी लाखो मुलं आज आहेत. नॅसकॉम आणि झिनोव्ह यांच्या 2024 च्या अहवालानुसार परदेशी कंपन्यांची अशी 1700 हून जास्त केंद्रं भारतात आहेत आणि त्यांत सुमारे 19 लाख लोक काम करतात. बंगळूर, हैदराबाद, पुणे, चेन्नई. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात यातला एखादा असेल. म्हणून मी तिला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. तीन प्रश्न स्वतःला विचारा.

पहिला, अडचण कोणती सोडवायची हे ठरवताना मी खोलीत असतो का? की कापड कुठल्या रंगाचं हवं हे दुसरा कळवतो आणि मी फक्त रंगवतो?

दुसरा, मी करतो ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मला समजतं का? तिरुवोट्टियूरचा कामगार एकच नट आवळत राहिला असता तर रेडिच बंद झाल्यावर तोही घरी बसला असता. सगळी गाडी त्याच्या हाताखालून गेली म्हणून तो वाचला. आपल्या तुकड्याच्या आजूबाजूचे तुकडे समजून घ्या. त्याला कोणी मनाई करत नाही.

तिसरा, माझं नाव कुठे लागतं का? नोकरीत केलेल्या शोधाची मालकी करारानुसार बहुतेक वेळा कंपनीकडे जाते. ते तुम्ही सही करूनच आत गेलेला असता. पण पेटंटवर शोध लावणाऱ्याचं नाव देता येतं, आणि ते मागण्यात लाजायचं कारण नाही. कर्दूच्या पत्रामुळे कर्दूचं नाव राहिलं. ज्या कारागिरांनी त्याला शिकवलं त्यांची नावं आज कोणी घेत नाही.

भाची थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं निम्मं हो. तिसरं मी कधी विचारलंच नाही."

मी म्हटलं, मग सोमवारी ऑफिसला गेलीस की तिसऱ्यापासून सुरुवात कर. ते सगळ्यात सोपं आहे. आणि हवाली करायचं ते प्रामाणिकपणे हवाली कर. लिहून दिल्याने हातातली विद्या कमी होत नाही. नंतर हात थांबले तर कमी होते.

तिने विचारलं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. पण परवा तिचा फोन आला. म्हणाली, पुढचं काम ठरवायची बैठक होती, तिला बोलावलेलं नव्हतं, ती तरी जाऊन बसली आणि कोणी उठवलं नाही.

तुमच्या घरातल्या मुलांना हे तीन प्रश्न जरूर विचारा. पुढच्या भागात भेटू.

जय हिंद.